दिलेल्या प्याद्याचा हिशेब

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरे पुढे येऊन एकमेकांसमोर ठाकलेली असतात आणि पांढरी मोहरी खेळणारा लगेच दुसऱ्याच चालीला आपल्या राजाच्या उंटासमोरचे प्यादेही दोन घरे सारून प्रतिपक्षाच्या तोंडी देतो. त्या प्याद्याच्या पाठीशी त्या घटकेला एकही मोहरा नसतो आणि ते मारणाऱ्याला तत्काळ कसलीही शिक्षा होणार नसते. तरीही नवख्या प्रतिस्पर्ध्याचा हात तिकडे जाताना क्षणभर अडखळतोच. डावाच्या आरंभीच एखादे प्यादे, क्वचित एखादा मोहराही, जाणूनबुजून देऊन त्याच्या मोबदल्यात वेळ, मोकळ्या वाटा आणि हल्ल्याचा पुढाकार मिळवण्याच्या या पद्धतीला गॅम्बिट म्हणतात, आणि वर वर्णिलेला प्रकार म्हणजे किंग्ज गॅम्बिट, लिखित स्वरूपात सापडणाऱ्या फार जुन्या सुरुवातींपैकी एक. हे देणे योग्य की अविचाराचे, प्रतिपक्षाने एकही चूक केली नाही तर दिलेल्या प्याद्याची किंमत वसूल होते की नाही, हा वाद जवळजवळ या खेळाच्या आधुनिक नियमांइतकाच जुना आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

हा वाद चिवट का आहे हे समजायला देवघेवीचे स्वरूप पाहावे लागते. दिलेले प्यादे मोजता येते. ते गेले ते गेले, आणि मोहऱ्यांची आदलाबदल होत होत पट रिकामा झाला की तेच एक जास्तीचे प्यादे शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन वजीर होते. उलट त्याच्या बदल्यात मिळालेली वस्तू मोजता येत नाही. किंग्ज गॅम्बिटमध्ये काळ्याचे मधले प्यादे बाजूला ओढले जाते, पांढऱ्याला पटाच्या मध्यभागी दोन प्यादी शेजारी शेजारी उभी करता येतात आणि किल्लेकोट करून राजा सुरक्षित कोपऱ्यात गेला की त्याच्या शेजारी आलेल्या हत्तीसमोरची उभी पट्टी मोकळी होते. पण यांपैकी प्रत्येक लाभ नाशवंत आहे. काळ्याने आठ-दहा चाली तग धरून आपले घोडे आणि उंट बाहेर काढले, राजा आडोशाला नेला, की पांढऱ्याची घाई संपते आणि प्याद्याची उणीव मात्र शिल्लक राहते. शिवाय ज्या प्याद्याने राजाकडे येणारी तिरकी वाट अडवली होती तेच पुढे गेल्यामुळे पांढऱ्याचा स्वतःचा राजाही उघडा पडतो. म्हणजे गॅम्बिट निर्दोष आहे की तकलादू, या प्रश्नाच्या पोटात खरे तर वेळ किती काळ टिकतो हा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर पटाकडे नुसते पाहून मिळत नाही.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. त्या खेळात दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायला वेळ लागे, आणि दुसऱ्या चालीला प्यादे शत्रूच्या तोंडी देण्याचा प्रसंगच उद्भवत नसे. प्याद्याच्या पहिल्या चालीला दोन घरांची मुभा देणारा युरोपीय नियम वरवर किरकोळ वाटतो, परंतु गॅम्बिटची सारी मानसिकता त्या नियमातून जन्मली आहे, कारण घाईला बक्षीस मिळू शकते हे त्याच नियमाने प्रथम शक्य केले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वादाचा निकाल पटावरच्या पराक्रमाने लागत असे. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये आडोल्फ अँडरसन आणि लियोनेल किझेरित्स्की यांच्यात स्पर्धेबाहेरचा एक डाव झाला. अँडरसनने किंग्ज गॅम्बिट खेळले आणि पुढे एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरही देऊन, उरलेल्या एका उंटाने आणि दोन घोड्यांनी मात केली; पराभूताच्या बाजूची जवळजवळ सारी फौज त्या वेळी पटावर जिवंत होती. अर्न्स्ट फाल्कबेअर या ऑस्ट्रियन खेळाडूने १८५५ मध्ये या डावाला ‘अमर डाव’ हे नाव दिले, आणि ते नाव आजही चालते. याच फाल्कबेअरच्या नावाने किंग्ज गॅम्बिटवरचा एक प्रतिटोलाही ओळखला जातो, ज्यात काळा समोर आलेले प्यादे मारण्याऐवजी स्वतःचेच वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पांढऱ्याच्याच शस्त्राने त्याला उत्तर देतो. गॅम्बिटच्या सर्वांत उज्ज्वल विजयाचे बारसे करणाऱ्यानेच त्याच्यावरचा एक उतारा प्रचारात आणावा, ही या इतिहासातली मनाला विशेष भावणारी गोष्ट आहे. सौंदर्यावर मन जडणे आणि त्याची परीक्षा घेणे या दोन वृत्ती एका माणसात सुखाने नांदू शकतात याची ती साक्ष आहे.

अमर डाव निर्दोष मात्र नाही. १८७९ मध्ये विल्हेल्म स्टाइनिट्झने दाखवून दिले की दोन्ही हत्ती देऊ केल्यानंतरही काळ्याकडे तग धरण्याची वाट होती, आणि नंतरच्या पृथक्करणकारांनी अँडरसनच्या काही चालींहून अधिक अचूक चाली शोधल्या. पृथक्करण म्हणजे डाव संपल्यावर निवांतपणे प्रत्येक पर्यायाचा माग काढणे. तिथे घाई नसते आणि समोर कोणी बसलेले नसते. १८५१ मध्ये पटाशेजारी घड्याळही नव्हते. यांत्रिक घड्याळे स्पर्धांत आली ती १८८३ च्या लंडन स्पर्धेपासून, त्याआधी काही ठिकाणी वाळूची घड्याळे वापरून पाहिली गेली होती. गॅम्बिटच्या इतिहासात घड्याळाचा प्रवेश वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. बचाव करणाऱ्याला एकच बरोबर चाल शोधायची असते आणि हल्ला करणाऱ्याला अनेक चालींतून एक निवडायची असते. विचाराला मर्यादा पडली की या दोघांवरचा भार सारखा राहत नाही, आणि निवांत खोलीत तकलादू ठरलेले गॅम्बिट स्पर्धेच्या सभागृहात पुन्हा उभे राहते.

या वादाचे सर्वांत तेजस्वी पर्व एका दर्यावर्दीच्या कल्पनेभोवती घडले. विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्समधला कप्तान, मिलफर्ड आणि आयर्लंड यांच्या दरम्यान टपाल नेणाऱ्या बोटींवर काम करणारा. त्याने १८२० च्या दशकात एक नवी चाल प्रचारात आणली: दोन्ही बाजूंचे उंट मध्यभागावर नजर ठेवून समोरासमोर उभे असताना पांढऱ्याने वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून काळ्याच्या उंटाला देऊ करायचे, उंटाने ते मारले की शेजारच्या प्याद्याने त्या उंटालाच हुसकावायचे आणि तो पळत असताना मिळालेल्या एका चालीच्या जोरावर मध्यभाग काबीज करायचा. इथे राजाभोवतीची प्यादी जागची हलत नाहीत, त्यामुळे किंग्ज गॅम्बिटमधला उघडेपणाचा दोष इव्हान्स गॅम्बिटला चिकटत नाही. शतकाच्या अखेरपर्यंत थोर खेळाडूंनी ते आवडीने खेळले.

स्टाइनिट्झची भूमिका याच्या उलट होती. तरुणपणी स्वतः बेफाम हल्ले करणारा हा खेळाडू १८७० च्या दशकापासून वेगळ्या निष्कर्षाला आला होता: प्यादे ही खरी संपत्ती आहे, ती घ्यावी, तिच्यासाठी काही काळ कोंडमारा सोसावा, आणि वादळ ओसरले की तिच्याच बळावर डाव जिंकावा. हल्ला यशस्वी व्हायला आधी प्रतिपक्षाच्या स्थितीत काही दोष असावा लागतो, निव्वळ इच्छेने हल्ला उभा राहत नाही, हा त्याचा सिद्धान्त आज प्रत्येक नवशिक्याला शिकवला जातो. त्या काळी तो पाखंड वाटत असे. रशियाच्या मिखाईल चिगोरिनला तो मान्य नव्हता. १८८९ मध्ये हवाना येथे दोघांत जगज्जेतेपदाचा सामना झाला, त्यात चिगोरिनने इव्हान्स गॅम्बिट पुनःपुन्हा खेळले आणि स्टाइनिट्झने आपला लाडका बचाव, वजीर लवकर बाहेर काढून प्यादे राखण्याचा, पुनःपुन्हा वापरला. सामना स्टाइनिट्झने जिंकला, पण सुरुवातीचा वाद सुटला नाही. मग १८९०–९१ मध्ये न्यू यॉर्क आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यामध्ये तारेने दोन डाव खेळले गेले, तेही मुद्दाम त्याच वादग्रस्त स्थितींपासून. या दोन डावांचे वैशिष्ट्य असे की दोन्हींत प्यादे देणारा चिगोरिनच होता, एकात पांढऱ्या बाजूने आणि दुसऱ्यात काळ्या.

इव्हान्स गॅम्बिटच्या डावातली स्थिती जवळून पाहण्यासारखी आहे. स्टाइनिट्झचा वजीर सहाव्या चालीला बाहेर आला, पांढऱ्याच्या उंटाने आणि घोड्याने त्याला हुसकले, आणि तेराव्या चालीला तो परत शेवटच्या रांगेत, राजाच्या बाजूचा उंट मुळात ज्या घरात असतो त्या घरात जाऊन बसला. वजिराच्या मूळ घरात तोवर एक घोडा येऊन बसला होता, आणि या दोघांच्या मध्ये राजा, ज्याला किल्लेकोट करायला वाटच उरली नव्हती. काळ्याजवळ एक प्यादे जास्त होते, आणि एकाही मोहऱ्याला धड जागा नव्हती. स्वतःच्या पुस्तकात हीच स्थिती स्टाइनिट्झला बचावक्षम वाटली होती, कारण तिथे कोणताही तत्काळ घाव दिसत नाही. चिगोरिनला ती जिंकलेली वाटली, कारण त्याने मोहऱ्यांची संख्या न पाहता त्यांच्या हालचालींची मुभा पाहिली. दोन्ही डाव चिगोरिनने जिंकले. तार पोचायला आणि उत्तर यायला लागणाऱ्या काळात दोघांना विचाराला मुबलक अवसर होता, त्यामुळे घाईगर्दीत चूक झाली ही सबब इथे कोणालाच उपलब्ध नव्हती, आणि म्हणून एखाद्या गॅम्बिटविषयीच्या मतभेदाचा इतका स्वच्छ प्रयोग बुद्धिबळाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

तरीसुद्धा शेवटचा शब्द या दोघांपैकी कोणाचाच ठरला नाही. इमानुएल लास्करने १८९० च्या दशकात इव्हान्स गॅम्बिटला जे उत्तर दिले त्यात पराक्रम असा काही नाही. काळ्याने प्यादे घ्यावे, उंट शांतपणे मागच्या घरात न्यावा, आणि पांढऱ्याला वाटेल तेव्हा ते प्यादे परत घेऊ द्यावे. पांढऱ्याने ते परत घेतलेच, तर वजिरांची आदलाबदल होते, हल्ल्याची धग निघून जाते, आणि वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी एकमेकांपासून तुटलेली, कोणत्याही प्याद्याच्या आधाराविना उभी राहतात. हिशेबाने दोन्ही बाजू समान, पण आता कळ सोसायची पाळी पांढऱ्याची. गॅम्बिट खेळणारा ज्या डावासाठी बसला होता तो डावच त्याच्यासमोरून नाहीसा होतो.

लास्करच्या या उत्तरात या साऱ्या वादाची किल्ली आहे असे मानायला जागा आहे. स्टाइनिट्झ घेतलेले राखू पाहत होता. लास्करने ते केवळ उधारीवर घेतले. किंग्ज गॅम्बिटवरचे जे बचाव काळाच्या कसोटीला उतरले त्यांपैकी बहुतेकांत हेच दिसते: काळा प्यादे मारतो आणि एक-दोन चालींनी वजिरासमोरचे स्वतःचे प्यादे पुढे टाकून ते परत देतो, बदल्यात त्याचे उंट मोकळे होतात. गॅम्बिटचे बळ घेणाऱ्याच्या लोभावर पोसलेले असते, आणि घेणारा निर्लोभ निघाला की ते गळते, असे म्हटले तर त्यात थोडी अतिशयोक्ती होईल. परंतु हल्ला परतवण्याच्या कलेची जी वाढ विसाव्या शतकात झाली तिचा मोठा भाग परत देण्याची योग्य वेळ ओळखण्यात सामावला आहे हे नाकारता येत नाही. ही कला बचाव करणाऱ्यांना गॅम्बिटांनीच शिकवली. गॅम्बिट खेळणारे नसते तर बचाव हे नुसते सहन करणे राहिले असते.

चिगोरिनची कथा इथे सोडणे त्याच्यावर अन्याय होईल. १८९२ मध्ये हवानाला पुन्हा जगज्जेतेपदाचा सामना झाला आणि तेविसाव्या डावात, हरला तर सामनाच हातचा जाणार अशा स्थितीत, त्याने किंग्ज गॅम्बिट खेळले. सुरुवात यशस्वी झाली. तो एका मोहऱ्याने वरचढ होता. बत्तिसाव्या चालीला त्याने जो उंट हलवला तोच त्याच्या राजाजवळच्या प्याद्याची राखण करत होता, आणि स्टाइनिट्झच्या हत्तींची दोन चालींतली मात अटळ झाली. निकालपत्रकात हा डाव किंग्ज गॅम्बिटच्या पराभवांत मोजला जातो. जय-पराजयाच्या आकड्यांवरून एखाद्या सुरुवातीचे गुणदोष ठरवू पाहणाऱ्यांनी हा एक डाव तरी शेवटपर्यंत खेळून पाहावा.

यापुढची काही दशके किंग्ज गॅम्बिट आजारी माणसासारखे जगले. व्हिएन्नात १९०३ मध्ये सर्वांनी तेच खेळावे अशा अटीवर एक स्पर्धा भरवली गेली आणि ती चिगोरिनने जिंकली. अबाझियाची १९१२ ची तशीच स्पर्धा रुडॉल्फ श्पीलमानने जिंकली. याच श्पीलमानने १९२० च्या दशकात किंग्ज गॅम्बिटच्या रुग्णशय्येवरून लिहिलेला वृत्तान्त अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहून आपल्या आवडत्या सुरुवातीची प्रकृती ढासळल्याची कबुली दिली. प्रिय वस्तूविषयी इतक्या खुलेपणाने लिहिणे सोपे नसते. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्याने बळींचे दोन वर्ग केले. एका प्रकारात दिलेल्याची भरपाई कशी होणार हे शेवटपर्यंत मोजता येते, आणि तो त्याच्या मते बळीचा केवळ आभास असतो. दुसऱ्या प्रकारात मोजणी मध्येच थांबते आणि पुढचे अंतर विश्वासावर काटावे लागते, तोच खरा बळी. या भेदाच्या उजेडात पाहिले तर गॅम्बिट निर्दोष असल्याचे सिद्ध करा ही मागणी म्हणजे खऱ्या बळीचे आभासात रूपांतर करा अशी मागणी ठरते.

प्रसिद्धी आणि सत्य यांची येथे कशी फारकत होते हे पाहायचे असेल तर अमर डावासमोर १९१८ चा न्यू यॉर्कमधला एक डाव ठेवावा. फ्रँक मार्शलने काळ्या मोहऱ्यांनी होजे राउल कॅपाब्लांकाविरुद्ध एक नवी चाल टाकली, मधले प्यादे दिले आणि आपले सारे मोहरे पांढऱ्या राजावर सोडले. मार्शलने हे शस्त्र कॅपाब्लांकासाठी वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते ही आख्यायिका बहुधा रचलेली आहे, पण तयारी त्याने केली होती हे उघड आहे. कॅपाब्लांकाने ते ओळखूनही प्यादे घेतले, हल्ल्यातून एकेक चाल शोधत वाट काढली आणि छत्तिसाव्या चालीला डाव जिंकला. मार्शल हल्ल्याची पहिली प्रख्यात कामगिरी म्हणजे एक दणदणीत पराभव. पुढे असे आढळले की त्या डावात जिथे मार्शलने मध्यभागी उभा असलेला घोडा मागे नेला होता, तिथे वजिराच्या उंटासमोरचे प्यादे नुसते एक घर सरकवून घोड्याला आधार द्यावा. एवढ्या लहान बदलाने सारा निवाडा फिरला. आज हे गॅम्बिट इतके भक्कम मानले जाते की अग्रगण्य खेळाडू पांढऱ्या बाजूने ते येऊच नये म्हणून आधीच वेगळी वाट धरतात. अमर डावाने ज्या गॅम्बिटला वैभव दिले ते आज संशयास्पद ठरले आहे, आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत नापास झालेले निर्दोष.

पाल बेन्कोने रूढ केलेल्या गॅम्बिटमध्ये तर काळा वजिराच्या बाजूचे प्यादे देतो आणि राजावर हल्ला करण्याचे नावही काढत नाही. त्याच्या हत्तींना दोन उभ्या पट्ट्या मिळतात आणि वजिरांची आदलाबदल झाल्यावरही, जिथे इतर गॅम्बिटांचा प्राण जातो तिथे, याचा दाब कायम राहतो. मिळालेला लाभ नाशवंत असतो या वर मांडलेल्या विधानाला हा एक सशक्त अपवाद आहे.

भारताचा या वादाशी संबंध कलकत्त्यातून येतो. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करत असताना महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी त्याचे शेकडो डाव झाले. १८४८ मधल्या अशाच एका डावात कॉक्रेनने दोन प्याद्यांच्या मोबदल्यात अख्खा घोडा देऊन काळ्या राजाला चौथ्या-पाचव्या चालीलाच पटावर चालायला लावले. इतके धाडसी देणे निर्दोष असणे अशक्य वाटते. तरी व्हेसेलिन टोपालोव्हने १९९९ मध्ये लिनारेस इथे ते व्लादिमिर क्रॅमनिकविरुद्ध खेळले आणि डाव बरोबरीत सुटला. त्याआधी चार वर्षे, १९९५ मध्ये रिगा इथल्या ताल स्मृती स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध इव्हान्स गॅम्बिट बाहेर काढले, जे वरच्या पातळीवर इतिहासजमा झाल्याचे सारे मानत होते. आनंदने प्यादे परत देण्याचीच शहाणी वाट धरली, पण कास्पारोव्हने ते परत घेताना मध्यभागी वजीर आणून बसवला, काळ्याचे मोहरे मागे रेटले आणि पंचविसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. लास्करचे तत्त्व त्याने खोटे ठरले असे नाही. परत देण्यालाही वेळ लागते, एवढे मात्र दिसून आले.

आता प्रश्न यंत्रांना विचारला जातो. २०१२ च्या एप्रिलच्या आरंभी एक बातमी पसरली की प्रचंड संगणकशक्ती वापरून किंग्ज गॅम्बिटचा कायमचा निकाल लावण्यात आला आहे आणि पांढऱ्याला एकाच विशिष्ट तिसऱ्या चालीने बरोबरी मिळते. ती एप्रिलफूलची थाप होती, पण अनेक जाणत्यांनी ती खरी मानली, कारण असा निकाल एके दिवशी येणारच ही धारणा मनात घर करून होती. वस्तुस्थिती अशी की पटावर राजांसह सात मोहरे-प्यादी उरली असतील तेवढ्याच स्थितींची पूर्ण आणि निर्विवाद उत्तरे आज उपलब्ध आहेत. दुसऱ्या चालीला पटावर बत्तीसच्या बत्तीस असतात. त्याच्या पुढचे यंत्राचे मत कितीही वजनदार असले तरी ते मतच आहे, आणि किंग्ज गॅम्बिटबाबत ते मत काळ्याच्या बाजूने थोडे झुकते. गंमतीची नव्हे तर विचार करण्याजोगी गोष्ट ही की २०१७ मध्ये अल्फाझिरो नावाच्या स्वतः खेळून शिकलेल्या प्रणालीने स्टॉकफिशविरुद्धच्या शंभर डावांत अठ्ठावीस विजय मिळवले, एकही पराभव न पत्करता, आणि त्यांतल्या काही डावांत तिने प्यादी दिली ती कोणताही मोजता येण्याजोगा लाभ नसताना, केवळ प्रतिपक्षाच्या मोहऱ्यांची मुभा आवळण्यासाठी. चिगोरिनने तारेवरून जे मांडले होते त्याच्या फार जवळचे हे आहे.

राहता राहिला बॉबी फिशरचा निवाडा, जो या विषयात सर्वांत जास्त उद्धृत होतो. १९६० मध्ये मार देल प्लाता इथल्या स्पर्धेत सतरा वर्षांच्या फिशरला बोरिस स्पास्कीने किंग्ज गॅम्बिटने हरवले. स्पर्धेत दोघे बरोबरीने पहिले आले, पण तो एक पराभव फिशरच्या जिव्हारी लागला. १९६१ मध्ये ‘अमेरिकन चेस क्वार्टर्ली’ या नव्या त्रैमासिकाच्या पहिल्या अंकात त्याने किंग्ज गॅम्बिट संपल्याचे, ते सक्तीने हरते असे, जाहीर केले. त्याचा उतारा होता वजिरासमोरचे प्यादे तिसऱ्या चालीला एकच घर सरकवणे. मार देल प्लाताच्या डावात त्याच्या प्याद्यांनी हुसकलेला स्पास्कीचा घोडा मध्यभागी उडी मारून बसला होता. हे एक घर सरकलेले प्यादे त्या मध्यवर्ती घरावर पहारा ठेवते, आणि मग हुसकलेल्या घोड्याला बहुधा निमूटपणे आपल्या मूळ घरी परतावे लागते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की फिशरचा उपाय लास्करच्या पंथाचा नसून स्टाइनिट्झच्या पंथाचा आहे: तो प्यादे परत देत नाही, साखळी रचून राखतो. ते राखता येते की नाही याबद्दल आजचे जाणकार त्याच्याइतके निःशंक नाहीत, कारण घरी परतलेल्या घोड्यानंतरही काळ्याची पुढे धावलेली प्यादी विस्कळीत राहतात आणि त्याचा राजा कुठेच पुरता सुरक्षित होत नाही.

त्या लेखात पांढऱ्याने तिसऱ्या चालीला राजाच्या बाजूचा घोडा काढण्याचाच प्रकार तपासला होता. १९६३–६४ च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत, जी फिशरने अकराच्या अकरा डाव जिंकून संपवली, त्याने स्वतः किंग्ज गॅम्बिट खेळले, मात्र घोड्याऐवजी उंट बाहेर काढून. समोर बसला होता लॅरी एव्हान्स, ज्या त्रैमासिकात तो निवाडा छापला गेला त्याचा संपादक. एव्हान्सने वजीर बाहेर आणून शह दिला आणि फिशरने राजा एक घर बाजूला सरकवून किल्लेकोटाचा हक्क सोडला. चौथ्या चालीअखेरची ही पांढऱ्याची मांडणी अँडरसनने १८५१ मध्ये किझेरित्स्कीसमोर स्वीकारलेल्या मांडणीशी घरागणिक जुळते. फिशरने तो डाव जिंकला, १९६८ मध्ये विंकोव्हत्सी इथे याच पद्धतीने आणखी दोन जिंकले, आणि स्पर्धांमध्ये किंग्ज गॅम्बिट त्याने एवढे तीनदाच खेळले. उंटाच्या त्या चालीवर वजिराचा शह हे उत्तम उत्तर नाही, राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून पुढे वजिरासमोरच्या प्याद्याने मध्यभागी तोंड द्यावे, असे आज बहुतेक पुस्तके सांगतात. तसे खेळले असता पांढऱ्याच्या हाती नेमके काय उरते, यावर पृथक्करणकारांची अजूनही एकवाक्यता नाही.